हळद लागलेले बाण

मोडतोड ओळखणं हा माझा पेशा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली ती किती अन्यायाची होती ते नीट कळेल. मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर आहे. अमरावतीपासून पार धारणीच्या घाटापर्यंत कुठे ट्रक उलटला, कुणाची कार झाडाला टेकली किंवा रोह्याने, म्हणजे नीलगाईने, मोटारसायकल आडवी केली, की नुकसान किती आणि त्यातलं खरं किती हे बघायला मला बोलावतात. जुना पोचा कोणता आणि कालचा कोणता, हे मी दुरून सांगतो. लग्नाला गेलो तर लोक आपली गाडी मला दिसणार नाही अशा ठिकाणी लावतात.

अशा माणसाची लेक धनुर्विद्या शिकू लागली आणि तिच्या प्रशिक्षकांनी एके दिवशी सगळ्या पालकांना मैदानावर बोलावून ‘बाण तपासायला शिका’ असं सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. आमची आचल तेव्हा विभागीय निवड चाचणीच्या तयारीत होती. चाचणी अकोल्याला, आणि तीही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ही तारीख ठरवणाऱ्या माणसाच्या घरी दसऱ्याला पुरणपोळी होत नसावी.

पण नितेश सरांनी आपला डावा तळहात पुढे केला आणि माझं हसू थांबलं. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत एक पांढरा व्रण होता.

“हे बाण कार्बनचे असतात,” सर म्हणाले. “बारीक तडा गेलेला बाण वरून चांगलाच दिसते. पण दोरी सोडली का तो जागेवरच फुटते, अन् त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून बाण सोडायच्या आधी तपासायचा. दरवेळी. प्रत्येक.”

मी आचलच्या डाव्या हाताकडे पाहिलं. परीक्षेच्या दिवसांत अजूनही नखं खाते ती. “सर,” मी म्हणालो, “हे काम माझ्याकडे द्या.”

सरांनी तपासणीच्या पद्धती सांगितल्या. बाण हातात फिरवून नीट बघायचा. त्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा. कुठे चीर उचकटली असेल तर कापूस अडकतो. मग दोन्ही टोकं धरून बाण कानाजवळ हलकेच वाकवायचा. करकर आवाज आला की बाण बाद. शेवटी मागची नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी प्लॅस्टिकची खाच, आणि तिच्या पुढची पिसं बघायची. पिसंही प्लॅस्टिकचीच, पण धनुर्विद्येत जुन्या नावांची अदब अजून शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चटई टाकून बसलो. आचलच्या नव्या डझनातले तीन बाण सरावात गवतात हरवले होते, उरले होते नऊ. काळे कुळकुळीत बाण, पांढरी शुभ्र पिसं. पहिला बाण उचलतो न उचलतो तोच शेजारचे पंजाबराव खुर्ची घेऊन आले. पंजाबराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण दुसऱ्याच्या कामावर शेरा मारायची सवय त्यांनी कचेरीत जमा केली नाही.

“काय करून राहिले, गावंडे?”

मी सांगितलं. त्यांनी लगेच घरातून कापूस आणला, त्यांच्याच शेतातला, नुकताच वेचलेला. मी बोळा बाणावरून फिरवला आणि तो अडकला. दुसऱ्या बाणावर अडकला. नवाच्या नऊ बाणांवर अडकला. तेवढ्यात समोरच्या गादी दुकानातून अब्दुल गफ्फार, म्हणजे आमचे गफ्फारभाई, आले आणि त्यांनी बोळा उलगडून दाखवला. आत सरकी होती, पातीचा कचरा होता, एक वाळलेलं बोंड होतं.

“पंजाबरावभाऊ, हा कापूस बाणाले नाई, सरकी काढाले जिनिंगमंदी दाखवा,” ते म्हणाले आणि दुकानातून पिंजलेला कापूस घेऊन आले. तो इतका मऊ होता की बाणावरूनच काय, पंजाबरावांच्या दाढीवरूनही न अडकता गेला. प्रयोग करून बघितला.

आता वाकवायची परीक्षा. मी पहिला बाण कानाजवळ नेला, हलकेच वाकवला. कर्र. बाद. दुसरा. कर्र. तिसरा, चौथा, सगळे. चाचणी तोंडावर आलेली आणि नऊच्या नऊ बाण गेलेले. मी हाक मारली तशी आचल धावत आली, तिने एकेक बाण वाकवला. काही आवाज नाही. मी वाकवला. कर्र.

पंजाबरावांनी खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली. “गावंडे, बाण खाली ठेवा. आता नुसतेच हात तसे करा.”

मी रिकामे हात कानाजवळ नेऊन वाकवल्यासारखं केलं. कर्र.

“बाण चांगले हायेत,” पंजाबराव म्हणाले. “तडा तुमच्या खांद्याले गेला हाय.”

ही बातमी दुपारपर्यंत कॉलनीभर झाली. दूधवाल्याने खांद्याची चौकशी केली. माझ्या पत्नीने, प्रतीक्षाने, खांद्याचाही विमा उतरवता येतो का विचारलं. गाड्यांच्या मालकांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकाने तर पाना उगारला होता, पण माझ्या तपासणीवर कोणी असं हसलं नव्हतं. हसली नाही ती फक्त आचल. रोज सरावाला जाताना ती बाणांचा भाता माझ्यासमोर ठेवायची. मी आवाज कमी व्हावा म्हणून खांद्याला टॉवेल गुंडाळून बाण तपासायचो आणि ‘ओके’ म्हणायचो. मग ती जायची. मैदानावर कोणी विचारलं की सांगायची, “माझे बाबा तपासतात. त्यांचं कामच हाय ते.”

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. शस्त्रं म्हणजे इतकी वर्षं माझी मोजायची टेप, बॅटरी, प्रतीक्षाची सुरी आणि ओट्याखालचं खुरपं. यंदा घरात खरंखुरं धनुष्य होतं. पूजा सांगायला पार्बताबाई आल्या. पार्बताबाईंचा चौकात फुलांचा धंदा, दसऱ्याला झेंडूचे ढीग लावून बसतात, पण आमच्या गल्लीतली कोणतीही पूजा त्यांच्या देखरेखीशिवाय होत नाही. त्यांनी पाटावर धनुष्य ठेवलं, पाच बाण मांडले. उरलेले चार पाटावर मावेनात म्हणून भात्यात राहिले. मग त्यांनी तेलात हळद कालवली आणि बाणांना लावली.

“मावशी, थोडीच,” मी म्हणालो.

“थोडी कायले? पोरगी लढाले चालली ना?”

एवढ्यावर भागलं असतं. पण संध्याकाळी कॉलनी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात देऊन झाली की प्रत्येकाची नजर पाटावर जायची. खरे बाण! मग प्रत्येक बाई वाकून बोटभर हळद, बोटभर कुंकू लावायची. पुरुष मोबाईलवर फोटो काढायचे. माझ्या टेपकडे कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाण धुतले तेव्हा काळ्या कांड्या स्वच्छ निघाल्या, कुंकू गेलं, पण हळद ती हळद. पाच बाणांची पांढरी पिसं पिवळीजर्द झाली होती. मी पार्बताबाईंवर मनातून फार चिडलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

चिडायला आणखी एक कारण होतं. गाडीला हार घालताना माझ्या मोबाईलवर निरोप आला होता की माझ्याच गाडीचा विमा संपला. नवा उतरवायचा तर नियमाप्रमाणे आधी सर्व्हेअरने गाडी तपासायला हवी. मी सर्व्हेअर. पण स्वतःची गाडी स्वतः तपासता येत नाही, हाही नियम. दुसऱ्या सर्व्हेअरला फोन केला तर तो कौंडण्यपूरला देवदर्शनाला. बिनविम्याच्या गाडीतून मी अकोल्याला निघालो असतो तर या धंद्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गफ्फारभाईंनीच मार्ग काढला. त्यांना अकोल्याला गाद्या पोचवायच्या होत्या. त्यांच्या मालवाहू गाडीत पुढे मी आणि आचल बसलो. पंजाबरावांना कोणीच बोलावलं नव्हतं, ते मागे गाद्यांवर धनुष्याची पेटी आणि भाता घेऊन झोपले. माल वाहायच्या गाडीत मागे माणूस बसवला म्हणून मी आजवर कितीतरी दावे नामंजूर केले आहेत. मी मान खाली घालून बसलो. निघताना पार्बताबाईंनी उरलेली हळद कागदाच्या पुडीत बांधून गफ्फारभाईंच्या हातात दिली. “मैदानात गेल्यावर धनुष्याले लावजा.” माझ्या हातात दिली नाही, कारण माझं तोंड त्यांना दिसत होतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. एक शिपाई मागे गेले. “काय हाय पेटीत?”

“हत्यारं,” पंजाबराव गादीवरून म्हणाले. “कालच पूजा केली.”

मी उडी मारून खाली उतरलो. पेटी उघडून दाखवली, भाता दाखवला, आचलचं ओळखपत्र दाखवलं. शिपायांनी एक पिवळ्या पिसांचा बाण उचलून बघितला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. “आमीबी काल ठाण्यात रायफलींले हळद लावली,” ते म्हणाले. “जा बेटा, नेम लाव. पण काकाले पुढे बसवा.” मग आम्ही चौघं पुढे कसे बसलो ते विचारू नका. विमा कंपनीला कळू नये एवढीच इच्छा आहे.

अकोल्याच्या मैदानावर साहित्य तपासणी चालू होती. पंच मॅडम कडक होत्या. त्यांनी आचलचं धनुष्य मापलं, दोरी बघितली आणि भात्यातले बाण टेबलावर ओळीने मांडले.

“हे काय? पाच पिवळे, चार पांढरे?”

“मॅडम, दसरा…” मी सुरुवात केली.

“एका खेळाडूचे बाण एकसारखे लागतात. रंग, पिसं, नॉक, सगळं. एका फेरीला सहा बाण सोडायचे आहेत. सहा एकसारखे कुठे आहेत?”

“पिवळे पाच हायेत ना,” पंजाबराव म्हणाले. “एक बाण कमी सोडन पोरगी.”

“आपण कोण?”

“शेजारी.”

मॅडमनी सरावाची वेळ संपेपर्यंत मुदत दिली. तोवर सहा सारखे बाण आणा, नाहीतर नाव काढू. आचलने धनुष्य छातीशी धरलं आणि नखं खायला लागली. वर्षभर पहाटे उठून मैदानावर गेलेली ही पोरगी, आणि तिचं नाव निघणार होतं पाटावर चार बाण मावले नाहीत म्हणून. आधीच मैदानावर पोचलेले नितेश सर कुणाकडे उसने बाण मिळतात का बघायला धावले, पण दुसऱ्याच्या बाणांची लांबी वेगळी, वजन वेगळं. मी पंजाबरावांवर ओरडलो.

गफ्फारभाई मात्र शर्टाच्या खिशात हात घालून उभे होते. त्यांनी पुडी बाहेर काढली. “भाऊ, पिवळे पांढरे होत नसन, तं पांढरे पिवळे करून टाका. पार्बताबाईची अमानत हाय, कामाले येऊ द्या.”

मी धावत मॅडमकडे गेलो. “नियमात पिवळ्या रंगाला मनाई आहे का?”

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून दोन पानं चाळली. “नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही गाडीतली एक गादी खाली उतरवून झाडाखाली अंथरली आणि बसलो. बाटलीच्या झाकणात पाण्याने हळद कालवली. तेल नव्हतं, पंजाबरावांनी टोपी काढून डोक्याचं तेल देऊ केलं, ते आम्ही नाकारलं. गफ्फारभाई पिसं रंगवत होते, आचल फुंकर घालून वाळवत होती, पंजाबराव छटा जुळते की नाही हे सांगत होते आणि मी कांड्यांवर ओघळलेली हळद गफ्फारभाईंच्या कापसाने पुसत होतो. पहिला बाण पुसला, काळा कुळकुळीत निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघाला.

चौथा पुसला. काळ्या कांडीवर पिवळी रेघ राहिली. केसाएवढी बारीक, पिसांच्या खालून निघून निम्म्या बाणापर्यंत गेलेली. मी पुन्हा पुसली. कापूस न अडकता गेला, रेघ तशीच. थुंकी लावून पुसली. जाईना.

मग मी तो बाण कानाजवळ नेला. खांद्याचा आवाज आला, तो आता माझ्या ओळखीचा झाला आहे. पण त्याच्यामागून दुसरा एक आवाज आला, बारीक, कोरडा. मी अजून थोडं वाकवलं आणि ती पिवळी रेघ माझ्या डोळ्यांसमोर उघडली.

त्याच सकाळी, घरी, टॉवेल गुंडाळलेल्या खांद्याने मी या बाणाला ‘ओके’ म्हटलं होतं. पिसं पांढरी राहिली असती किंवा मॅडम थोड्या नरम असत्या, तर हा बाण थोड्या वेळात आचलच्या धनुष्यावर चढला असता. परत आलेल्या नितेश सरांनी बाण हातात घेतला, रेघ बघितली आणि आपला व्रणाचा हात माझ्या पाठीवर ठेवला. मी होतो तिथेच आडवा झालो. बरं झालं, खाली गादी होती.

आचल म्हणाली, “बाबा, बाकीचे ओके हायेत ना? तुम्ही पाह्यले ना सकाळी?”

एवढ्या वर्षांत हजारो गाड्यांवर मी बेधडक सह्या केल्या, पण त्या वेळी माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. “बेटा, माझ्या एकट्याच्या नजरेवर आता माझा भरोसा नाही,” मी म्हणालो. “आपण सगळे मिळून बघू.” मग आठही बाण सगळ्यांच्या हातांतून गेले. पाच बाण तर घरीच तेल-हळदीने माखून पुसले गेले होते, तरी पुन्हा माखले, पुन्हा पुसले. एकावरही रेघ राहिली नाही. आचलने प्रत्येक बाण स्वतःच्या कानाजवळ वाकवला. गफ्फारभाईंनी वाकवला, पंजाबरावांनीही वाकवला. त्यांच्या मनगटाचा आवाज आला, पण त्यावर मी काही बोललो नाही.

आचल खेळली. पहिल्या फेरीत दोन बाण कडेला गेले, मग नेम बसला. संघाच्या नावांत तिचं नाव सगळ्यात शेवटी लागलं, पण लागलं. पंजाबराव मॅडमना अभिनंदन करायला लावून आले. मी मात्र लक्ष्याकडे फारसं पाहिलंच नाही. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. हळदीने पिवळा झालेला, धड, पाची बोटं जागच्या जागी. देवा, तुझे उपकार. पार्बताबाई, तुमचेही. आणि ज्या ज्या बाईने दसऱ्याला आमच्या घरी वाकून बोटभर जास्तीची हळद लावली, त्या प्रत्येकीचे.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पार्बताबाई प्रतीक्षाबरोबर ओट्यावर बसून उरलेला झेंडू निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर तडा गेलेला बाण ठेवला, सगळं सांगितलं आणि वाकून पाया पडलो. वाकताना खांदा वाजला. कर्र. ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

“सकाळी माह्यावर काहून फुगले होते मंग?” त्यांनी विचारलं.

“चुकलं, मावशी.”

“बसा इथंच. अंगातलं काढा. प्रतीक्षा, हळद-तेल गरम करून आण वं.”

“मावशी, शर्ट…”

“शर्टाचं काय घेऊन बसले? पोरीचा हात वाचला ना?”

मी बसलो. भर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पार्बताबाईंनी माझ्या खांद्याला गरम हळद चोळली. पंजाबराव खुर्ची घेऊन आले आणि कुठे जास्त लावायची ते सांगू लागले. गफ्फारभाईंनी वर बांधायला कापूस आणला. आचल शेजारी बसून, पिवळ्या बोटांनी, पोळी खात होती. त्यावरच शर्ट चढवला, आणि माझा एकुलता एक बरा पांढरा शर्ट खांद्यावर कायमचा पिवळा झाला. तोच घालून मी आता कामाला जातो. परवा एका ट्रकमालकाने विचारलं, “साहेब, हा डाग कायचा?”

“जुना आहे,” मी म्हणालो. “आणि नुकसान काही नाही.”